‘अंदाजे’ म्हणजे किती?

लेकीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. घर सोडून शिकायला गेली त्याला जेमतेम दहा दिवस झालेले. आवाजात रडू नव्हतं, भूक होती.

“बाबा, आजीच्या डाळीत पाणी किती?”

मी आईची वही काढली. पाककृतींची ती वही आमच्या घरात माझ्याइतकीच जुनी आहे. कडांना तेल पिऊन पानं पारदर्शक झालीत, मधली दोन पानं एकमेकांना कायमची चिकटलीत, आणि शाई जिथे वाफ लागली तिथे निळसर फुटली आहे. डाळीचं पान सापडलं. मी चष्मा लावून वाचून दाखवलं: मसूर डाळ १ वाटी. पाणी लागेल तेवढं. कांदा खमंग होईपर्यंत. मीठ अंदाजे. आंबट शेवटी. त्या ‘आंबट शेवटी’खाली दोन रेघा मारलेल्या.

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, “बाबा, ह्यात आकडा एकच आहे.”

खरंच एकच होता. मी पुढची पानं चाळली. सगळीकडे तेच. ‘बेताचं’, ‘जरासं’, ‘हाताला लागेल असं’, ‘रंग बदलला की’. एका पानावर मात्र भलतीच बारीक नोंद: ‘माणसं आठ होती, दोन वाट्या उरली.’ दुसऱ्या एका पानावर, ‘मोठ्या पातेल्यात करू नये, तळाला लागतं.’ तेव्हा हळूहळू लक्षात आलं की वही लिहिताना आईच्या डोळ्यांसमोर शिकाऊ माणूस नव्हताच. हाताला येतं ते तिने लिहिलं नव्हतं. विसरायला होईल तेवढंच टिपलं होतं. पाहुणे किती, उरलं किती, कुठलं भांडं दगा देतं. तिची ही वही म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री हुशार पोरगं काढतं तसल्या टिपणांची होती. ज्याने वर्गात पाऊल टाकलं नाही त्याला तिचा काय उपयोग?

आणि आमच्या घरात वर्गात पाऊल न टाकलेला मीच. बायको आणि मी दोघंही नोकरी करणारे, स्वयंपाक आलटून पालटून. पण माझी पाळी म्हणजे अंडी, नाहीतर कालचं गरम करणं. लेकीला शिकवणार कोण, तर जो स्वतः वही वाचून गोंधळतो तो. म्हणून मी एक उद्योग केला. स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा डिजिटल काटा आणला आणि आठवडाभर रोज संध्याकाळी आईच्या शेजारी उभा राहिलो.

“अरे, बाजूला हो जरा. तुझं ते यंत्र मध्ये मध्ये येतंय.”

पहिल्या दिवशी मी तिच्या हातातलं मीठ काट्यावर ठेवायला सांगितलं. तिने ठेवलं, पण ठेवताना हात बिचकला, आणि त्या दिवशीची डाळ अळणी झाली. कोणी बघतंय म्हटल्यावर अक्षर बिघडतं तसं. दुसऱ्या दिवसापासून मी शहाणा झालो. मिठाचा डबाच काट्यावर ठेवला आणि आकडा शून्यावर आणला. तिने नेहमीसारखं बोलता बोलता डब्यात हात घातला, तळहाताच्या खोबणीत मीठ घेतलं, अंगठ्याने कडेचे चार कण परत डब्यात ढकलले, आणि पातेल्यावर हात उपडा केला. काट्यावर उणे अकरा.

तिसऱ्या दिवशी उणे बारा. चौथ्या दिवशी पुन्हा अकरा. माझा चेहरा बघून ती म्हणाली, “काय झालं? कमी पडलं का?” पाचव्या दिवशी उणे सात. मला वाटलं, चला, चुकली एकदाची. पण त्या दिवशी बायको उशिरा येणार होती आणि मला भूक नव्हती, म्हणून आईने लहान पातेलं घेतलं होतं. शिजलेली डाळ पातेल्यासकट तोलून रिकाम्या पातेल्याचं वजन वजा केलं. बाराशे ग्रॅमला अकरा-बारा, आठशेला सात. कुठल्याही दिवशी भागाकार करा, उत्तर एक टक्क्याच्या अलीकडे येऊन थांबतं. पातळ पदार्थाला वजनाच्या साधारण एक टक्का मीठ बहुतेकांच्या जिभेला बेताचं लागतं, हे मी नंतर वाचलं. आईने ते वाचलेलं नाही. तिच्या तळहाताला टक्केवारी येते.

मोजमापाचा हा घोळ काही आमच्याच घरातला नाही. जुन्या पाककृतींमध्ये ‘अंड्याएवढं लोणी’ असं सर्रास लिहिलेलं असायचं. अमेरिकेत फॅनी फार्मर नावाच्या बाईंनी १८९६ साली आपल्या पुस्तकात सपाट कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला. चमचा भरायचा आणि वरचा ढीग सुरीने कडेकडेने सपाट कापायचा. आज आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, पण शेजारी कोणी उभं नसताना परक्या माणसाच्या हातून तोच पदार्थ व्हावा म्हणून उचललेलं ते मोठं पाऊल होतं. माझ्या लेकीच्या शेजारीही कोणी उभं नव्हतं.

म्हणून मी डाळीचं पान नव्याने लिहिलं. मसूर डाळ एक वाटी, म्हणजे २०० ग्रॅम, चौघांना पुरते. पाणी निवळ येईस्तोवर धुवायची. एक लिटर पाण्यात घालून उकळी आणायची. वर पांढरा फेस येतो तो काढला तर दिसायला बरं, नाही काढला तर बिघडत काही नाही. मग आच मंद, झाकण अर्धवट, २० मिनिटं. ही डाळ भिजवावी लागत नाही, कुकर लागत नाही. थकलेल्या माणसाची डाळ आहे ती. एकीकडे दुसऱ्या भांड्यात तीन चमचे तेलात दोन कांदे. कांदा झाला की चार पाकळ्या लसूण, ठेचून, अर्धा मिनिट, त्याहून जास्त नाही, लसूण करपला की कडवट होतो. ते सगळं डाळीत. मीठ दोन सपाट लहान चमचे. गॅस बंद केल्यावर अर्धं लिंबू.

लिहून झालं आणि मी कांद्यापाशी अडकलो. ‘खमंग होईपर्यंत’ याला आकडा कुठला द्यायचा?

इथे मला एक तक्रार करायचीच आहे. झटपट पाककृती म्हणून जे काही लिहिलं जातं त्यात ‘कांदा पाच मिनिटं परतून तपकिरी करा’ हे वाक्य हटकून असतं. पाच मिनिटांत कांदा तपकिरी होत नाही. पाच मिनिटांत तो घामाघूम होतो. मी घड्याळ लावून पाहिलंय: दोन कांदे, मंद-मध्यम आच, अडतीस मिनिटं. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी. ते पाणी जोवर भांड्यात आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या फारसं वर सरकत नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. आणि रंग, वास, खमंगपणा हे सगळं घडतं त्याच्या बरंच वर, १४० अंशांच्या आसपास, जिथे कांद्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक यांची गाठ पडते. १९१२ साली लुई कामी मैयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या क्रियेचं वर्णन केलं, आणि तिला त्याचंच नाव मिळालं. म्हणजे अडतीसपैकी पहिली वीसेक मिनिटं आपण कांदा परतत नसतो, त्याचं पाणी काढत असतो.

आईला मैयार माहीत नाही. तिला कांदा ऐकू येतो. ही गोष्ट मला सहाव्या दिवशी कळली. ती ओट्याकडे पाठ करून काहीतरी निवडत बसली होती आणि मधेच म्हणाली, “आता हलव.” मी म्हटलं, “तुला कसं कळलं?” म्हणाली, “आवाज बारीक झाला.” मी कान देऊन ऐकलं. सुरुवातीला कांदा तेलात पडल्यावर चर्र असा दाट, ओला आवाज येतो, पावसासारखा सलग. पाणी आटत जातं तसा तो विरळ होतो. मग सुटे सुटे तडतडणारे ठिपके, मधे शांतता. ती शांतता आली की कांदा रंगाला लागतो, आणि तिथून पुढे पाठ फिरवायची नाही. लेकीच्या पानावर मी लिहिलं: ‘३५ ते ४० मिनिटं. घाई असेल तर १२ मिनिटं, पिवळट होतो, तोही चालतो. आवाज बारीक झाला की हलवत राहा.’ घाईची सोय मुद्दाम लिहिली. रोज कोणाला चाळीस मिनिटं असतात?

‘आंबट शेवटी’खालच्या दोन रेघांचं रहस्य मात्र मला आधीच ठाऊक होतं. त्याची किंमत मी मोजली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी सहा मित्रांना जेवायला बोलावलं आणि राजमा करायचा ठरवलं. रात्रभर भिजवला, सगळं शिस्तीत. सकाळी उत्साहाच्या भरात कांदा, टोमॅटो आणि राजमा एकदमच पातेल्यात चढवले, एकजीव होईल म्हणून. एक तास झाला, दोन झाले. दाणा बोटांत दाबला की गोटीसारखा. तिसऱ्या तासाला मित्र आले, चौथ्याला आम्ही टोमॅटोच्या रश्शात उकडलेले बटाटे घालून खाल्ले आणि राजमा तळाशी टणक पडून राहिला. दाण्याच्या भिंती ज्या पदार्थाने सांधलेल्या असतात तो आंबटात सहज विरघळत नाही. म्हणून टोमॅटो, चिंच, लिंबू, काहीही आंबट आधी पडलं की दाणा मऊ व्हायचं नाव घेत नाही. जड पाण्यातही असंच होतं, त्यातलं कॅल्शियम त्या भिंती आणखी घट्ट करतं. दाणा फार जुना असेल तर मग कुठलीच युक्ती धड चालत नाही. याउलट भिजवतानाच्या पाण्यात थोडं मीठ टाकलं तर साल लवकर मऊ पडते, जरी सगळे सांगत असले की मीठ आधी घालू नये.

राजम्याबद्दल लेकीच्या वहीत आणखी एक ओळ मी लाल शाईने लिहिली. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, पाच-सहा दाणेही कच्चे पोटात गेले तर उलट्या सुरू होऊ शकतात. भिजवलेलं पाणी ओतून टाकायचं आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा, नंतर हवा तितका मंद शिजवा. नुसताच मंद आचेवर, उकळी न येता शिजवला तर ते प्रथिन उलट जास्त बाधतं. आईच्या वहीत हे कुठेच नाही. तिचा राजमा कुकरमध्ये जायचा आणि तिथे १२० अंशांना सगळ्यांचाच निकाल लागतो, त्यामुळे तिच्यावर ती ओळ लिहायची वेळच आली नाही.

महिन्याभराने दुसरा मोठा फोन आला. यावेळी रडू होतं. खोलीवर मैत्रिणी जेवायला येणार म्हणून तिने भात दुप्पट केला होता. एका वाटीला दोन वाट्या पाणी हे माझंच मोजमाप, म्हणून दोन वाट्यांना चार. भाताचा गिचका.

“बाबा, मी तुम्ही लिहिलंय तसंच केलं.”

तसंच केलं होतं, आणि चूक माझी होती. मी हिशेब करून बघेपर्यंत मलाही ते कळलं नव्हतं. तांदूळ स्वतः जे पाणी पितो ते साधारण त्याच्या मापाएवढं, म्हणजे वाटीला वाटी. थोडं इकडेतिकडे, तांदूळ नवा की जुना त्यावर. उरलेलं पाणी वाफ होऊन जातं. आणि किती वाफ जाईल हे भांडं किती रुंद, झाकण किती घट्ट, किती वेळ शिजवलं यावर ठरतं. आत तांदूळ किती आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. आमच्या ढिल्या झाकणाच्या पातेल्यात ही वाफ वाटीभर निघते. म्हणजे दोन वाट्या तांदळाला दोन वाट्या पाणी पिण्यासाठी आणि एकच वाटी उडण्यासाठी. तीन. चौथी वाटी भाताच्या अंगात राहिली.

मी हे आईला सांगायला गेलो, मोठा शोध लावल्यासारखा. ती म्हणाली, “म्हणून तर बोट बुडवायचं.” तांदूळ सपाट करून वर बोट टेकवायचं, पाणी पहिल्या पेराशी आलं की बास. मी तिथेच उभा राहिलो. तांदूळ एक वाटी असो की तीन, त्याच भांड्यात वरचं पेर तेवढंच राहतं. उडून जाणारं पाणी ती पेराने मोजत होती. अर्थात ही युक्ती पसरट भांड्यात फसते, तिथे पेरभर पाणी म्हणजे तळं. आईने पसरट भांड्यात भात केल्याचं मला आठवतच नाही. कुठलं पातेलं घ्यायचं हासुद्धा पाककृतीचा भाग होता आणि तो कोणी लिहिला नव्हता.

उरलेल्या भाताचंही सांगून टाकतो, कारण एकट्या राहणाऱ्याकडे भात उरतोच. भात शिजताना न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू असतात. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात ओट्यावर रात्रभर ठेवायचा नाही. ताटात पसरून तासाभराच्या आत गार करायचा आणि फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी तो कोरडा, मोकळा झालेला असतो, कारण गार होताना त्यातलं पिठूळ सत्त्व पुन्हा आवळतं. परतायला असाच भात हवा. कढईत तेल, लसूण, भात, एका कडेला अंडं फोडून ढवळायचं, मीठ. सात मिनिटं, एक भांडं.

एक भांडं हे महत्त्वाचं. पाककृती सोपी की अवघड हे ठरवायची माझी स्वतःची मोजपट्टी आहे: जेवण झाल्यावर घासायला किती भांडी पडली? सतरा जिन्नस पण एक पातेलं, चालेल. पाच जिन्नस आणि मिक्सरचं भांडं, गाळणी, दोन वाडगे, एक परात, ही सोपी नव्हे, कोणी काही म्हणो. ‘सोपी’ हा शब्द बहुतेक वेळा ज्याला नंतर भांडी घासायची नसतात तो वापरतो. मीही बरीच वर्षं वापरला.

त्या आठवड्यात आणखी एक मोजणी केली, गंमत म्हणून. आई रोजच्या जेवणाला आलटून पालटून किती पदार्थ करते? सणावाराचे सोडून. ते अकरा भरले. लहानपणापासून मला वाटायचं आमच्याकडे रोज काहीतरी वेगळं असतं. वेगळं म्हणजे काय, तर एके दिवशी डाळीतला कांदा तपकिरी, एके दिवशी नुसता मऊ. कधी लिंबू, कधी टोमॅटो. बटाटा कधी फोडी करून तर कधी कुस्करून. अकरा पदार्थांवर तिने आमची भूक पन्नास वर्षं भागवली. मी तिला हा आकडा सांगितला तर तिला जरा लागलंच. बोटांवर मोजत राहिली, बारावा सापडेना. मग म्हणाली, “आणि खारट झालं की बटाटा घालते ते?” मी तिला सांगणार होतो की बटाटा मीठ वेगळं काढून शोषत नाही, खारट पाणीच पितो, रश्शाचा खारटपणा तेवढाच राहतो, कमी होतो तो वाढवलेल्या पाण्याने. पण नाही सांगितलं. बटाटा घातला की ती पाणीही वाढवते, आणि तो बटाटा मला आवडतो. बारा धरले.

परवा लेक सुट्टीला आली. तिची वही टेबलावर पडली होती, मी उघडली. माझ्या टंकलिखित पानांचे प्रिंट आत चिकटवलेले आणि कडेने तिचं बारीक अक्षर. डाळीच्या पानावर माझे ‘दोन सपाट लहान चमचे’ खोडलेले. शेजारी लिहिलं होतं: ‘आजीचा तळहात = ११. माझा = ६. दोनदा.’ त्याखाली भाताला ‘निळं पातेलं, ३ वाट्या’. आणि कांद्यापुढे मिनिटं खोडून फक्त ‘हेडफोन काढ’.

संध्याकाळी तिनेच डाळ केली. आई खुर्चीवर बसून होती, ओट्याकडे पाठ करून. कांदा पडला, चर्र आवाज झाला, मग बराच वेळ कोणी बोललं नाही. आवाज विरळ होत आला तशी आईने मान वळवली, पण तोवर लेकीचा हात कालथ्याकडे गेलेला होता.